माझा स्वभाव मणक्यात नाही

प्रिय उशी,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, मोतीबिंदूचं काय ठरलं, आणि चालताना पोटऱ्या आखडतात त्या अजून आखडतात का, हे सगळं मी मनापासून विचारते आहे. (पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी आणि मग स्वतःचं गाऱ्हाणं मांडावं, असं आपल्याला शाळेत सिस्टरांनी शिकवलं. विचारपूस किती लांबवावी ते शिकवलं नव्हतं, म्हणून ती इथे संपली.)

हे पत्र मी चिरंजीवांच्या घरी, उभ्यानं, इस्त्रीच्या टेबलावर लिहिते आहे. मला एका वेळी वीस मिनिटं बसायची परवानगी आहे. चिरंजीवांनी त्यासाठी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ माझ्या उशाशी आणून ठेवलं आहे. ते वाजलं की मी उठायचं. तेहतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासली, तेव्हा मला खुर्चीतून उठवायची कोणाची हिंमत नव्हती, आणि आज एक टोमॅटो मला उठवतो. म्हणून मी मुळातच बसत नाही. इस्त्रीचं टेबल छातीपर्यंत वर घेतलं की लिहायला बरं पडतं. फक्त ते अरुंद आहे आणि पानं सटकतात. तेव्हा अक्षरात कुठे थरथर दिसली तर ती वयाची नसून फर्निचरची आहे.

तर माझ्या मणक्यातली सरकलेली गादी अखेर दुर्बिणीतून काढली, त्याला आज अकरा दिवस झाले. (न्याय बघ. सगळी शाळा जिला फूटपट्टी म्हणून ओळखायची तिची गादी सरकली, आणि तू सहा इयत्ता बाकावर पोक काढून बसलीस, तुझी जागच्या जागी.) चार वर्षं डाव्या कुल्ह्यापासून अंगठ्यापर्यंत कोणीतरी गरम तार ओढत असल्यासारखं होत होतं. पट्टे बांधून झाले, शेक झाले, तेलं झाली. तेलांच्या वासानं शेजारीण दार लावून घ्यायला लागली, एवढाच काय तो गुण आला. शेवटी या डॉक्टरकडे नेलं. वय असेल छत्तिसेक. टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा ठेवलेला आणि त्यावरच स्वतःची टोपी टांगलेली. तो म्हणाला, पेन्सिल जाईल एवढं छिद्र, एक टाका, दुसऱ्या दिवशी घरी. तसंच झालं. तक्रार तिथे नाहीच. तक्रार पुढे आहे.

या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देत नाहीत. पाठ तेवढी बधिर करतात आणि माणूस जागा ठेवतात. आपण पालथं पडायचं, तोंड एका गोल चुंबळीत, डोळ्यांसमोर फक्त फरशी आणि डॉक्टरचे हिरवे बूट. सुरुवात करण्याआधी बूट म्हणाले, "आजी, तुम्ही बोलत राहा. नसेच्या अगदी जवळ काम आहे. तुम्ही बोलताय तोवर मी निर्धास्त. पायात कळ गेली तर लगेच सांगा." उशे, सत्तर वर्षांच्या आयुष्यात मला बोलत राहा असं सांगणारा हा पहिला पुरुष. मी विचारलं, विषय काय. नर्स म्हणाली, "काहीही बोला हो आजी. घरात कोण कोण असतं?" हा काय विषय झाला? यावर माणूस फार तर दोन मिनिटं बोलेल. मला तासभर पुरणारा विषय हवा होता. तेव्हा मी सूनबाई हा विषय घेतला.

आणि व्यवस्थित मांडणी केली. प्रास्ताविक, मग मुद्दे. पहिला मुद्दा डब्यांची झाकणं. ती झाकण लावत नाही, नुसतं ठेवते. डबा उचलावा तर झाकण हातात आणि साखर जमिनीवर. दुसरा, टॉवेलच्या तीन घड्या. चार घालाव्यात हे एकोणीस वर्षं सांगते आहे. तिसरा, कोणत्याही प्रश्नाला "बघू" हे उत्तर. चौथा, कांदा चिरते तेव्हा एक फोड नखाएवढी आणि एक फोड होडीएवढी. पाचवा, मी बोलत असताना मान हलवते, आणि ती मान ऐकल्याची नसते. एकेका मुद्द्याला दोन-दोन उदाहरणं दिली. नर्सनं मधे "हो का" म्हणून दाद दिली. बूट स्थिर होते.

आता जे सांगते ते तुझ्याशिवाय जगात कोणाला कळणार नाही. नवव्या मुद्द्यावर असताना कुठेतरी टिंग असं वाजलं. डॉक्टरनं हातातला चिमटा स्टीलच्या वाडग्यात टाकला असणार. पण तो आवाज, उशे, थेट आपल्या वादविवाद वर्गातल्या पितळी घंटीचा. आठवतं ना, शनिवारी शेवटचा तास, सिस्टर हातात घड्याळ घेऊन खिडकीशी उभ्या, आपण पोटतिडकीनं विषयाच्या बाजूनं बोलतोय, आणि टिंग झालं की त्याच दमात, वाक्यसुद्धा न तोडता, विरुद्ध बाजूनं बोलायचं. जी अडखळली तिला गुण नाहीत. मी कधी अडखळले नाही. त्या दिवशीही अडखळले नाही. टिंग झालं आणि मी सूनबाईच्या बाजूनं बोलायला लागले.

आता वाद म्हटला की मुद्दे लागतात आणि ते खरे असावे लागतात. (खोट्या मुद्द्याला सिस्टर दोन गुण कापायच्या.) म्हणून सांगितलं, की चार वर्षांत माझ्या औषधाची एकही वेळ तिनं चुकवली नाही, स्वतःच्या घरून फोन करून गोळी घ्यायला लावायची. सांगितलं, की ती खोटं बोलत नाही, आणि जेव्हा बोलते तेव्हा कान लाल होतात, म्हणून निभावतं. आणि मग मुद्दे संपत आले तेव्हा ते नखांचंही सांगितलं, जे मी आजवर तुलाही लिहिलं नव्हतं. ह्यांच्या शेवटच्या वर्षी दर रविवारी दोघं यायचे. चिरंजीव बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचायचे आणि ती आत जाऊन ह्यांच्या हातापायाची नखं कापायची. कोणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यावर टॉवेल पसरून (तीन घड्यांचा) एकेक बोट हातात घेऊन कापायची आणि ह्यांना त्या आठवड्यात कोणकोणते पाहुणे आले ते विचारायची. ह्यांना तर माझंही नाव आठवत नसे. तरी विचारायची आणि ते जे काही सांगतील ते नीट ऐकून घ्यायची. मान न हलवता. मी दारातून बघायचे आणि परत फिरायचे. तिला माहीत नाही मी बघितल्याचं. असो. तो एक मुद्दा होता. वादासाठी वापरला.

काम संपलं. मला बाहेर आणलं. आणि या मुलानं, या हिरव्या बुटांनी, चिरंजीव आणि सूनबाईंना बाजूला घेऊन काय सांगावं? म्हणे, "आजी पहिला अर्धा तास सुनेला बोलत होत्या. नस मोकळी झाली त्या क्षणी, अक्षरशः त्या क्षणी, कौतुक सुरू झालं. जुनं दुखणं माणसाचा स्वभाव बिघडवतं. आता बघा, आजी बदलतील."

माझा स्वभाव म्हणे चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे होता, आणि त्यानं तो चिमट्यानं काढून वाडग्यात टाकला.

मी तेव्हाच घंटीचं समजावून सांगणार होते, पण तोंडाला कोरड पडली होती, आणि शाळेच्या घंटीबद्दल बोलायला लागले असते तर डोक्याचीही तपासणी झाली असती. ती चूक आता भोगते आहे. या घरात मला चिडता येत नाही. म्हणजे चिडते मी, पण ते चिडणं कोणी चिडणं म्हणून घेतच नाही. परवा म्हटलं, चहा भांडी विसळलेल्या पाण्यासारखा झालाय. पूर्वी यावर तिचे कान लाल व्हायचे, ती "बघू" म्हणायची आणि पुढचा चहा बरा यायचा. आता ती माझ्याकडे असं बघते की जणू मी कण्हले. "फार दुखतंय का आई?" आणि चहा तसाच राहतो, शेकायची पिशवी येते. चिरंजीवांना म्हटलं, हा शर्ट घालून कचेरीत जातोस की झोपायला, तर ते बायकोला हळूच म्हणाले, "सकाळची गोळी दिलीस ना?" व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. तिला मी फक्त एवढंच सांगितलं की मोजताना सातानंतर आठ येतात, परत सहा येत नाहीत. तिनं मला पाठीवर झोपवलं आणि दीर्घ श्वास घ्यायला लावले.

बरं, गोड बोलून पाहिलं. रविवारी सूप चांगलं झालंय म्हटलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग सोमवारी दिवसभर एक शब्द बोलले नाही. तर दोघं दाराशी उभे राहून कुजबुजत होते आणि रात्रीच्या जेवणाला ताटाऐवजी चमचा-वाटी आली.

हे सगळं मी दुर्लक्षून टाकलं असतं. पण तक्ता आहे. दवाखान्यानं घरी सोडताना एक कागद दिला. त्यावर ओळीनं दहा चेहरे आहेत, पहिला हसरा आणि दहावा ढसाढसा रडणारा. रोज सकाळ-संध्याकाळ किती दुखतं त्याचा आकडा लिहायचा आणि शेजारी शेरा. तो तक्ता सूनबाईनं फ्रिजवर लावला आहे आणि पेन तिच्या ताब्यात आहे. मी रोज सांगते, एक. आणि एकच आहे, उशे. टाक्याच्या जागी जरा ओढतं तेवढंच. ती गरम तार गेली. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पाय पलंगावरून खाली सोडला आणि काहीच झालं नाही. मी पाच मिनिटं तशीच थांबले, की आता येईल. आली नाही. पण तक्त्यावर बघावं तर सहा. शेरा: चहावरून बोलल्या. सात. शेरा: शर्टावरून बोलल्या. सोमवारी संध्याकाळी आठ. शेरा: आई आज गप्प आहेत.

येत्या सोमवारी तपासणी आहे. डॉक्टर तक्ता बघणार. आकडे तीनच्या आत असले तर मी माझ्या घरी जायचं, नाहीतर आणखी चार आठवडे इथे. माझं घर तुला माहीतच आहे. अठ्ठावीस पायऱ्या, दोन खोल्या, खिडकीखाली टेबल, डाव्या हाताला शब्दकोश, आणि प्रत्येक डब्याला पक्कं झाकण. तिथे मी चिडले तर कोणी शेकायची पिशवी आणत नाही. (कोणी काहीच आणत नाही, पण तो मुद्दा निराळा.) इथे मी ज्या खोलीत आहे तिथे एक व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर चिरंजीवांचे स्वेटर वाळत असतात. ती तीन वर्षांत जागेवरून हलली नाही आणि तिला कोणी दहापैकी आकडा देत नाही.

चिरंजीवांनी मला एक लांब दांड्याचा चिमटा आणून दिला आहे, खाली पडलेलं उचलायला, कारण वाकायला सक्त मनाई आहे. त्यानं चप्पल उचलता येते, मोजा उचलता येतो. चष्मा उचलायला गेलं की तो आणखी आत ढकलला जातो. मग हाक मारावी लागते. हाक मारली की ती येते, वाकते, उचलून देते आणि विचारते, "दुखतंय?" दिवसातून सात-आठ वेळा हा कार्यक्रम होतो. माणसाच्या हातून एवढ्या वस्तू पडतात हे मला सत्तराव्या वर्षी समजलं. इतकी वर्षं मीच वाकून उचलत असल्यामुळे लक्षात आलं नव्हतं.

तर असं आहे. मला तुझ्याकडून काहीही नको आहे. कोणाजवळ तरी मन मोकळं करावं, आणि ज्याला शुद्धलेखन येतं अशा माणसाजवळ करावं, एवढाच या पत्राचा हेतू. गुडघ्यांना जप. मोतीबिंदू लांबणीवर टाकू नकोस, पिकल्यावर त्रास होतो.

तुझी,
फूटपट्टी

ता.क. एक काम आहे. मला तुझ्याकडून एक लेखी प्रमाणपत्र हवं आहे. फोन करू नकोस, इथल्या भिंती पातळ आहेत, आणि डॉक्टरला कागद दाखवावा लागेल. मजकूर असा: मी अमुक, या व्यक्तीला इयत्ता चौथीपासून ओळखते. तिची जीभ तेव्हाही अशीच होती आणि तेव्हा तिच्या पाठीत काहीही बिघाड नव्हता. दाखल्यासाठी उदाहरणं घाल. चौथीत बिशप शाळा पाहायला आले तेव्हा त्यांचं भाषण लांबलं असं मी त्यांना सांगितलं होतं, ते घाल. सातवीत तुझ्या भरतकामातल्या मोराला मी आजारी कोंबडी म्हटलं आणि तू दोन दिवस रडलीस, तेही घाल. (तो मोर आजारी कोंबडीच होता.) शेवटी घंटीबद्दल सविस्तर लिही, टिंग झालं की बाजू बदलायची असा नियम होता म्हणून. खाली सही, तारीख आणि शक्य तर कोणाचा तरी शिक्का. शनिवारच्या आत पोचायला हवं. तातडीच्या टपालानं पाठव.

ता.क. दुसरा. पानं जुळवताना तिसरं पान टेबलावरून सटकून पलंगाखाली गेलं. चिमट्यानं प्रयत्न केला, ते भिंतीपर्यंत पोचलं. नाइलाजानं हाक मारली. ती आली, पलंगाखाली अर्धी गेली आणि बराच वेळ तिथेच होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली जळमटं आहेत. पान आणून दिलं. दुखतंय का ते विचारलं नाही. पत्र पाकिटात घालून ती पेटीत टाकणार आहे.

मावशी, नमस्कार. मी सूनबाई. पाकीट चिकटवायच्या आधी चार ओळी लिहिते. तिसरं पान पलंगाखाली उलटं पडलं असतं तर वाचलं नसतं, पण ते सुलटं पडलं होतं, आणि मग बाकीचंही वाचलं. नखांचं त्यांना माहीत आहे हे मला आजच कळलं. डॉक्टरांनी नुसतं "कौतुक केलं" एवढंच सांगितलं होतं. आणि घंटीचं काय ते मला माहीत नव्हतं, पण स्वभावाचं माहीत होतं. आईंची पाठ चार वर्षं दुखत होती आणि मला या घराण्यात येऊन एकोणीस वर्षं झाली. त्याआधीची पंधरा वर्षं मी टॉवेलच्या घड्यांवरून बोलणी खाल्ली ती काही मणक्याची नव्हेत. खरा आकडा एक आहे. तो मी रोज डॉक्टरांना फोनवर कळवते. फ्रिजवरचा तक्ता फक्त आईंना वाचण्यासाठी आहे. सोमवारी डॉक्टर घरी जा म्हणणार हे ठरलेलंच आहे. पण तिकडे काही खाली पडलं तर उचलायला कोणी नाही. आणि इकडे आम्ही दोघंच असतो. दोघांनाही फार बोलायची सवय नाही. तेव्हा प्रमाणपत्र नक्की पाठवा, पण ते मंगळवारी पोचेल अशा बेतानं पाठवा. चहा मी मुद्दाम पातळ करते. त्यांना बोलायला काहीतरी लागतं.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. न तपासता कोणताही कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही ही तेहतीस वर्षांची सवय, म्हणून पाकीट परत मागवलं. वरचा मजकूर माझा नाही हे अक्षरावरून कळलंच असेल. ओळी कशा चढावर निघाल्या आहेत बघ. तिला समोर उभी केली आणि विचारलं, खोटा तक्ता लावायला लाज नाही वाटली? म्हणाली, "बघू." कान लाल होते. मग मी तिला सांगितलं की चहा उद्यापासून नीट झाला पाहिजे, आणि तक्त्यावर आता तिनं सहा लिहून दाखवावंच. तिनं फ्रिजपाशी जाऊन लिहिलं. मी चष्मा लावून पाहिलं. नऊ लिहिलं आहे. शेरा: आई स्वतःसारख्या बोलल्या.

तातडीच्या टपालाची गरज नाही, साध्या टपालानं पाठव. शिक्क्याचीही घाई नाही. आणि पाकिटावर पत्ता इथला घाल.